बंद दाराची साक्ष

मुंबईच्या कोटाचे तट १८६० नंतरच्या दशकात पाडण्यात आले. परंतु कोटाची परिभाषा शहराच्या रस्त्यांना पुढेही चिकटून राहिली. मुख्य तटाच्या बाहेर बांधलेल्या त्रिकोणी संरक्षक बुरुजाला इंग्रजीत रॅव्हेलिन म्हणतात. फोर्ट विभागातील ज्या रस्त्याला हे नाव होते तो आज डी. सुखडवाला मार्ग म्हणून ओळखला जातो, आणि त्याच रस्त्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची एक भारदस्त वास्तू उभी आहे : फ्रीमेसन्स हॉल. बोरीबंदरला उतरून कचेऱ्यांकडे जाणारे नोकरदार तिच्या आसपासून रोज ये-जा करतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना ती आतून ठाऊक नसते. शहराच्या इतिहासातही तिची स्थिती फारशी वेगळी नाही. कोटाची भिंत पडली, दरवाजे गेले. बुरुजाच्या नावाच्या रस्त्यावर मात्र एक दार बंद राहिले.

कोलकाता, चेन्नई, लाहोर, कराची अशा अनेक शहरांत आणि कित्येक जुन्या लष्करी छावण्यांत अशा वास्तू आहेत. त्यांच्याविषयी बोलण्याच्या चार रीती रूढ आहेत. पहिली भुताटकीची, दुसरी राष्ट्राभिमानी संतापाची, तिसरी स्थापत्याच्या कौतुकाची आणि चौथी खुद्द मेसन मंडळींच्या आत्मस्तुतीची. या चारही रीती परस्परविरोधी भासतात. परंतु एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे. या दारातून कोण आत गेले, कोणाला बाहेर ठेवले गेले आणि ते कोणत्या कारणाने, हा साधा प्रश्न त्यांपैकी एकीलाही विचारावासा वाटत नाही. वस्तुतः सभागृहाचा इतिहास म्हणजे प्रामुख्याने त्याच्या दाराचा इतिहास असतो. तो सोडून जे लिहिले जाते ते एकतर कथा असते किंवा कैफियत.

भुताटकीपासून आरंभ करणे सोयीचे. उत्तर हिंदुस्थानात मेसन मंडळींच्या सभागृहाला लोक ‘जादूघर’ म्हणत. रुडयार्ड किप्लिंगच्या ‘किम’ (१९०१) या कादंबरीत लाहोरच्या लॉजचा उल्लेख याच नावाने येतो. फारसी बोलणाऱ्यांनी ‘फ्रीमेसन’ या शब्दाच्या ध्वनीशी खेळून ‘फरामोशखाना’, म्हणजे विस्मरणाचे घर, असा शब्द घडविला. दारावर तलवारधारी द्वारपाल, आत काय घडले ते न सांगण्याची शपथ, प्रवेशेच्छूच्या डोळ्यांवर पट्टी, एवढी सामग्री असल्यावर लोककल्पनेने कवटी आणि मंत्रतंत्र त्यात घालावेत हे स्वाभाविकच होते. जे पाहता येत नाही त्याची भरपाई माणसे गोष्टींनी करतात. त्यासाठी लोकांना दोष देता येत नाही. दोष द्यावयाचा तो त्याच गोष्टी शाईने लिहून स्थानिक इतिहास म्हणून खपविणाऱ्यांना. कारण लॉज ही जितकी गुप्त मानली जाते तितकी ती कधीच नव्हती. मेसन मंडळी सार्वजनिक इमारतींच्या कोनशिला आपल्या विधीने, भर समुदायासमोर बसवीत. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभॉय रुग्णालयाची कोनशिला १८४३ साली याच विधीने बसविली गेली. गुप्त होते ते आतले विधी. आत कोण बसते हे गावाला ठाऊक असे, आणि ते ठाऊक असावे अशी बसणाऱ्यांचीही इच्छा असे. लॉजचे सामर्थ्य भुतांत शोधणे म्हणजे ते जिथे होते तिथून नजर काढून घेणे होय. ते होते न्यायाधीश, सैन्याधिकारी, डॉक्टर, बडा व्यापारी आणि संस्थानिक एका मेजावर बसत यात.

मेसन मंडळींच्या आत्मस्तुतीकडे वळले तर तिचा आधार एका लिखित प्रतिज्ञेत आहे. १७१७ साली लंडनमध्ये पहिली ग्रँड लॉज स्थापन झाली आणि १७२३ साली तिची घटना छापली गेली. सर्व मनुष्यांना मान्य होईल एवढाच धर्म सदस्याकडून अपेक्षित आहे, बाकी श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी, असे त्या घटनेचे तत्त्व. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे म्हणणे लहान नव्हते. परंतु त्याच घटनेने बंदिवान गुलाम आणि स्त्रिया यांना स्पष्ट शब्दांत वगळले होते. सदस्य जन्मतः स्वतंत्र असावा ही अट इंग्लंडच्या ग्रँड लॉजने बदलली ती १८४७ साली, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने नष्ट झाल्यानंतर दशकाहून अधिक काळाने. तात्पर्य, विश्वबंधुत्वाच्या जाहीरनाम्यातच दाराची रुंदी मोजून दिलेली होती. हिंदुस्थानात ती रुंदी कशी वापरली गेली हे तीन प्रसंगांवरून दिसते.

पहिला प्रसंग कर्नाटकच्या नवाबाच्या घराण्यातला. कोलकात्यात १७३० साली पहिली लॉज निघाली. पण ती आणि तिच्यामागून आलेल्या लॉज कंपनीच्या गोऱ्या नोकरांच्या होत्या. १७७५-७६ च्या सुमारास अर्काटच्या नवाबाचा मुलगा उमदत-उल-उमरा याला त्रिचनापल्ली येथे प्रवेश देण्यात आला. लंडनच्या ग्रँड लॉजला याचे इतके अप्रूप वाटले की तिने त्याला मेसनचे वस्त्र आणि घटनेची सुशोभित प्रत भेट म्हणून पाठविली. हा राजपुत्र १७९५ साली नवाब झाला. १८०१ साली तो मृत्यू पावला आणि कंपनीने लगोलग कर्नाटकचा कारभार ताब्यात घेतला. बंधुत्वाची भेट आणि राज्याचे हरण यांत कार्यकारणसंबंध शोधण्याचे कारण नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यकथेत येतात आणि बंधुत्वाने हरणाला कोणताही अडथळा केला नाही, एवढे नोंदवणे भाग आहे. लॉजमधली समता लॉजच्या उंबरठ्यावर संपत असे.

दुसरा प्रसंग मुंबईचा, आणि तो मराठी वाचकाला सर्वांत जवळचा. माणेकजी करसेटजी हे पारशी समाजातील एक सुधारक; पुढे मुंबईच्या लघुवाद न्यायालयात ते न्यायाधीश झाले. त्यांनी मुंबईच्या पर्सिव्हिअरन्स या लॉजकडे प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. लॉजमध्ये मतदान गोट्यांनी होते. पांढरी गोटी होकाराची, काळी नकाराची. मोजक्या काळ्या गोट्या पडल्या तरी दार बंद होते आणि कोणी टाकल्या ते कोणालाही सांगावे लागत नाही. माणेकजी युरोपात गेले आणि पॅरिसच्या एका लॉजमध्ये त्यांनी रीतसर दीक्षा घेतली. आता ते नियमाप्रमाणे मेसन होते आणि जगातील कोणत्याही लॉजने त्यांना बंधू म्हणून स्वीकारणे अपेक्षित होते. मुंबईला परतल्यावर त्याच लॉजने त्यांना पुन्हा नकार दिला. पॅरिसमध्ये जो बंधू होता तो मुंबईत परका ठरला.

यातून जे निघाले ते महत्त्वाचे आहे. जेम्स बर्न्स हा स्कॉटिश वैद्य पश्चिम हिंदुस्थानातील स्कॉटिश मेसन शाखेचा प्रमुख होता. काबूलमध्ये १८४१ साली मारला गेलेला अलेक्झांडर बर्न्स हा त्याचा भाऊ. जेम्सच्या पुढाकाराने १८४३ च्या डिसेंबरात ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज स्थापन झाली. एतद्देशीयांना प्रवेश देणे हेच तिचे प्रयोजन. बर्न्स तिचा पहिला मास्टर आणि माणेकजी पहिले चिटणीस. पारशी आणि मुसलमान सदस्य तिच्यात लवकरच दाखल झाले.

या घटनेचे मोल तुलनेवाचून कळत नाही. मुंबईतील भायखळा क्लब १८३३ साली निघाला आणि तिथे हिंदी माणसाला सदस्यत्व नव्हते. हिंदी आणि युरोपियन सदस्यांना एकत्र येता यावे म्हणून विलिंग्डन क्लब निघाला तो १९१७ साली. म्हणजे क्लबांच्या मुंबईला जे करावयास १९१७ साल उजाडले ते एका लॉजने चौऱ्याहत्तर वर्षे आधी केले होते. मेसन मंडळींनी याचा अभिमान बाळगावा हे योग्यच. परंतु अभिमानाच्या भरात ते घटनेचा पूर्वार्ध गाळतात. ही लॉज विश्वबंधुत्वाचे फळ म्हणून निघालेली नाही. ती दुसऱ्या लॉजच्या नकाराला उत्तर म्हणून निघाली. पर्सिव्हिअरन्सचे दार उघडले असते तर रायझिंग स्टारची गरजच पडली नसती. शिवाय, वेगळी लॉज काढून प्रश्न सोडविला गेला की टाळला गेला, हेही विचारावयास हवे. पुढे मुंबईत ‘इस्लाम’ आणि ‘आर्यन’ अशा नावांच्याही लॉज निघाल्या. ज्या संस्थेने धर्म दाराबाहेर ठेवण्याची प्रतिज्ञा केली तिच्या पाट्यांवरच धर्म आणि वंश येऊन बसले.

तिसरा प्रसंग कोलकात्याचा. प्रसन्नकुमार दत्त या बंगाली व्यापाऱ्याने १८६० नंतरच्या दशकात प्रवेशासाठी अर्ज केला. बंगालच्या प्रांतिक शाखेचा नियम असा होता की प्रांतिक प्रमुखाच्या संमतीवाचून कोणाही आशियाई माणसाला दीक्षा देऊ नये. रंगाचे कारण उघड सांगणे अवघड होते, म्हणून धर्माचे कारण पुढे करण्यात आले : मेसनला एका परमेश्वरावर श्रद्धा ठेवून शपथ घ्यावी लागते, हिंदू अनेक देव मानतात, तेव्हा त्यांची शपथ ग्राह्य कशी धरावी? वाद लंडनपर्यंत गेला. जवळजवळ दशकभर झगडल्यावर १८७२ साली ‘अँकर अँड होप’ या लॉजमध्ये दत्तांना दीक्षा मिळाली. त्याच लॉजमध्ये १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त नावाच्या एका तरुणाने प्रवेश केला. जग त्याला पुढे स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले. विवेकानंद मेसन होते हे मेसन मंडळी आवर्जून सांगतात. त्यांच्याआधी बारा वर्षे ज्याने ते दार उघडून घेतले त्या व्यापाऱ्याचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते. प्रसिद्ध पाहुण्याची नोंद ठेवावयाची आणि कुलूप काढणाऱ्याची विसरावयाची, ही स्थानिक इतिहासाची जुनी खोड आहे.

आता राष्ट्राभिमानी संतापाचा विचार. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : या वास्तू गुलामीच्या खुणा आहेत, त्यांतून साम्राज्याचे हस्तक घडले, त्या पाडाव्यात, निदान त्यांची नावे बदलावीत. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. राज्यकर्त्यांशी सलगी हे सदस्यत्वाचे मोठे आकर्षण होते, यात शंका नाही. परंतु दादाभाई नौरोजी मेसन होते, मोतीलाल नेहरू मेसन होते, यांचे काय करावयाचे? संतापाची एक शाखा येथे उलटी उडी मारते आणि राष्ट्रसभाच मुळी मेसन कारस्थानातून जन्मली असे सांगू लागते. राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. तेथील प्रतिनिधी, ठराव आणि भाषणे छापील अहवालात उपलब्ध आहेत. सभासदांपैकी काही मेसन होते म्हणून सभा मेसनांची ठरत नाही. तसे म्हटले तर ती वकिलांची अधिक ठरेल. हिंदी सुशिक्षितांना लॉजमध्ये सभा चालविण्याची शिस्त, हिशेब ठेवण्याची रीत आणि गोऱ्या अधिकाऱ्याशी समोरासमोर बोलण्याची सवय मिळाली असेल, एवढे अनुमान करता येते. त्यापलीकडे जाण्यास पुरावा लागतो, आणि संतापाला पुराव्याची निकड भासत नाही.

सीमेपलीकडचे उदाहरण बोधक आहे. पाकिस्तानात १९७२ साली फ्रीमेसनरीवर बंदी आली आणि लॉजच्या वास्तू सरकारजमा झाल्या. लाहोरच्या माल रोडवरील सभागृह सरकारी कार्यालय झाले. कराचीतील वास्तूही सरकारी खात्याकडे गेली. संतापाचा कार्यक्रम तिथे पूर्ण अमलात आला. निष्पन्न काय झाले? संस्था संपली, भिंती राहिल्या, आणि सामान्य नागरिकासाठी दार पूर्वीइतकेच बंद राहिले. द्वारपालाचा गणवेश तेवढा बदलला. इतिहासाचा अधिकार मागावयाचा तो वास्तू हिसकावून मिळत नाही.

लाहोरची कथा दुसऱ्याही कारणाने उपयोगी आहे. तेथील ‘होप अँड पर्सिव्हिअरन्स’ या लॉजमध्ये किप्लिंगला १८८६ साली दीक्षा मिळाली. उत्तर आयुष्यात त्याने लिहिले की त्याच्या तीन दीक्षांपैकी एक एका ब्राह्मो सदस्याने, एक एका मुसलमानाने आणि एक एका इंग्रजाने दिली, आणि लॉजचा द्वारपाल हिंदी ज्यू होता. साम्राज्याच्या छत्राखाली सर्व धर्म एका पंगतीस बसल्याचे हे चित्र जगभर गाजले. पण लॉजच्या नोंदींशी ताडून पाहता ही आठवण टिकत नाही, हे पुढे मेसन संशोधकांनीच दाखवून दिले. याशिवाय माल रोडवरील जे सभागृह किप्लिंगच्या नावाशी जोडले जाते ते त्याने १८८७ साली लाहोर सोडल्यानंतर पुष्कळ वर्षांनी उभे राहिले. एका मोठ्या लेखकाची आठवण एका बाजूला आणि चिटणिसाच्या वहीतील चार रुक्ष ओळी दुसऱ्या बाजूला. अशा प्रसंगी वहीचा शब्द मानावयाचा असतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने तर हे विशेष ध्यानी घ्यावे. सर्वधर्मी लॉजचे स्मरण हे किप्लिंगच्या साहित्यातील एक सत्य आहे. ते लाहोरच्या इतिहासातील सत्य नव्हे. दोहोंची गल्लत केली की साहित्याचेही नुकसान होते आणि इतिहासाचेही.

स्थापत्याच्या कौतुकाविषयी थोडेच सांगणे पुरेसे आहे. वारसा म्हणून वास्तू जपावी यात वाद नाही. परंतु खांबांची शैली, संगमरवरी फरशी, शिसवी आसने आणि कंपास-काटकोनाचे चिन्ह यांचे वर्णन संपले की वारशाची यादी संपते. वास्तूचे वय सांगितले जाते, तिच्यातील माणसांचे वय सांगितले जात नाही. काळ्या गोट्यांची पेटी काचेच्या कपाटात शोभेची वस्तू म्हणून ठेवता येते. ती पेटी कोणाविरुद्ध वापरली गेली हे सांगणारी चिठ्ठी तिच्याशेजारी नसेल तर ते जतन अर्धेच राहते.

या चारही रीतींना उत्तर द्यावयाचे तर मराठी मुलखाजवळ स्वतःची अशी मोजपट्टी आहे. रायझिंग स्टार लॉज निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४४ साली, सुरतेत मानवधर्म सभा निघाली. तिच्या संस्थापकांत दुर्गाराम मेहताजींबरोबर दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा आणि राम बाळकृष्ण जयकर हे तिचे आधार. ही सभाही गुप्त होती. तिच्या बैठका बंद दारामागे होत, आणि जातिभेद मानीत नाही हे सिद्ध करण्यासाठी नव्या सदस्याला परधर्मीयाच्या हातचे अन्नपाणी घ्यावे लागे. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे फुटण्याची वेळ आली आणि सभा विस्कळीत झाली.

एकाच शहरात, एकाच पिढीत, दोन बंद दारे होती. दोन्हीमागे माणसे जातिधर्माचा भेद थोडा वेळ बाजूला ठेवीत होती. तरी दोन्ही गुप्ततांचे प्रयोजन भिन्न होते. परमहंस सभेला गुप्तता लागत होती कारण दाराबाहेरचा समाज तिच्या सभासदांना वाळीत टाकू शकत होता. लॉजच्या सभासदांना बाहेरच्यांपासून असे भय नव्हते. त्यांची गुप्तता त्यांच्या प्रतिष्ठेत भर घालीत होती. परमहंस सभेचे नाव फुटले आणि ती मोडली. लॉजचे नाव फुटले की सदस्याचे वजन वाढे. गुप्त संस्थांविषयी सरसकट बोलणाऱ्यांनी हा भेद लक्षात घेतला पाहिजे. गुप्तता दुर्बळांचे कवच असते तेव्हा इतिहासकाराने तिच्याशी सहृदयतेने वागावे. ती प्रबळांचे भूषण असते तेव्हा तिची उलटतपासणी करावी.

तिसरी तुलना याहून कठोर आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. कोलकात्यात प्रसन्नकुमार दत्तांना दीक्षा मिळून तेव्हा एक वर्ष झाले होते. एका श्रीमंत हिंदूला आत घ्यावे की नाही यावर लॉजने दशक खर्च केले. सत्यशोधक समाजाने आरंभापासून सर्व जातींना दार उघडे ठेवले. कोट्यवधी शूद्रातिशूद्रांचा प्रश्न लॉजच्या वादात कुठेच नव्हता. प्रवेशशुल्क, इंग्रजी भाषा, पोशाख आणि शिफारस या चार पायऱ्या ओलांडल्याशिवाय काळ्या गोटीची पाळीच येत नसे. गोऱ्या माणसाने हिंदी माणसाला नाकारले याची चीड जेवढी रास्त आहे, तेवढीच ही गोष्टही नोंदण्याजोगी आहे की आत गेलेल्या हिंदी माणसांनी ते दार आपल्यामागे सताड उघडे ठेवले नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे : सहभोजनाच्या धास्तीने अनेक सवर्ण हिंदू आपणहून दूर राहिले. दाराला कडी आतून होती तशी बाहेरूनही होती.

स्त्रियांची गोष्ट याहून थोडक्यात आटोपते, कारण त्यांच्यासाठी दारच नव्हते. माणेकजी करसेटजींनी १८६३ साली मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा इन्स्टिट्यूशन ही इंग्रजी शाळा सुरू केली. स्वतःवर झालेल्या अन्यायाने ज्याला झगडावयास शिकविले त्या माणसाने मुलींच्या शिक्षणासाठी कष्ट घेतले, ही त्याच्या चरित्रातील सुंदर संगती आहे. पण त्या शाळेत शिकलेली मुलगी त्याच्या लॉजची सदस्य होऊ शकली नसती. स्त्री-पुरुष दोघांनाही प्रवेश देणारी वेगळी मेसन शाखा विसाव्या शतकाच्या आरंभी ॲनी बेझंट यांनी हिंदुस्थानात आणली, आणि रूढ ग्रँड लॉजनी तिला मान्यता दिली नाही.

या सर्वांवर मेसन मंडळींचा एक आक्षेप ठरलेला असतो : लॉज ही खासगी संस्था आहे, तिचे कागद हा तिचा प्रश्न. आजच्या सदस्यांच्या बाबतीत हे मान्यच केले पाहिजे. कोणाच्याही शपथेत डोकावण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु १८४३ च्या इतिवृत्तातील माणसे आता कोणाची खासगी राहिलेली नाहीत. ती शहराची झाली आहेत. शिवाय हा आक्षेप खुद्द इंग्लंडमध्ये केव्हाच मोडीत निघाला आहे. लंडनच्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये ग्रंथालय आणि संग्रहालय सर्वांना खुले आहे. इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या १७५१ ते १९२१ या काळातील सदस्यनोंदी २०१५ पासून संगणकावर पाहता येतात, आणि तिच्या अधिकाराखाली असलेल्या हिंदुस्थानातील लॉजही त्या नोंदींत आहेत. परिणाम असा, की एखाद्या छावणीच्या गावात शंभर वर्षांपूर्वी कोण मेसन होता हे परदेशातला वंशावळीचा हौशी शोधक घरबसल्या सांगू शकतो. आणि त्याच गावातील महाविद्यालयाचा विद्यार्थी समोरच्या इमारतीकडे पाहून भुताची गोष्ट ऐकतो.

भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ साली स्थापन झाली. काही लॉजनी इंग्लंड, स्कॉटलंड किंवा आयर्लंड यांच्याशी असलेले जुने नाते कायम ठेवले. बहुसंख्य नव्या संस्थेत आल्या. तिच्या सभांत निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवले जातात. प्रसन्नकुमार दत्तांच्या शपथेवर जो आक्षेप घेतला गेला होता त्याला इतके समर्पक उत्तर दुसरे नसेल. पण ते उत्तर कोणत्या प्रश्नाला आहे हे सांगावयाचे तर प्रश्नाची कागदपत्रे दाखवावी लागतील.

महाराष्ट्रातील ग्रंथालयांनी येथे पुढाकार घ्यावा, असे म्हणण्यास ऐतिहासिक आधार आहे. अहमदनगरचे जुने ग्रंथालय १८३८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे. म्हणजे ही वाचनालये आणि रायझिंग स्टार लॉज एकाच दशकाच्या आगेमागे जन्मली. आणि वाचनालयांच्या आरंभीच्या काळातही गोरे अधिकारी व एतद्देशीय सुशिक्षित यांचाच पुढाकार होता. फरक पुढे पडला. वाचनालयांनी नाव बदलले, भाषा बदलली, वर्गणी कमी केली आणि दार रुंद केले. लॉजने ते केले नाही, आणि तिच्या स्वरूपात ते बसतही नव्हते. तरी ज्या संस्थांनी आपले दार रुंद केले त्यांना शेजारच्या बंद दाराकडे कागद मागण्याचा नैतिक अधिकार निश्चित आहे.

मागणी मोठी नाही. शंभर वर्षांहून जुनी इतिवृत्ते, प्रवेशाचे अर्ज आणि हिशेबाच्या वह्या यांच्या प्रती शहराच्या एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात किंवा राज्याच्या अभिलेखागारात ठेवाव्यात. नाकारलेल्या अर्जदारांची नावे स्वीकारलेल्यांच्या नावांइतक्याच काळजीने जपावीत. आणि स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याने, मग तो गावाचा असो वा महानगराचा, त्या वह्या पाहिल्यावाचून या वास्तूंविषयी ना कौतुक लिहावे ना शाप. वाळवी आणि दमट हवा यांना कोणत्याही शपथेचे बंधन नसते. मुंबईच्या पावसाळ्यात बंद कपाटातील कागद किती काळ तग धरतो हे प्रत्येक ग्रंथपालाला ठाऊक आहे. माणेकजी करसेटजींना ज्या काळ्या गोट्यांनी दोनदा परत पाठविले त्या कोणी टाकल्या हे आता कळणार नाही. त्या का टाकल्या गेल्या, यावर त्या काळी काय चर्चा झाली, कोण विरोधात उभे राहिले आणि कोण गप्प बसले, हे सांगणारा कागद मात्र जिथे शिल्लक असेल तिथे अजून वाचविता येईल.